टस्कनी, नारायणगाव, अकलूज : महाराष्ट्रातील उंची वाइन आणि तिचे प्रवर्तक

महाराष्ट्रात द्राक्षापासून उंची वाइन करण्याचा उद्योग सुरू झाला तो १९८० च्या दशकात. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर एखाददुसऱ्या माणसाची ठळक छाप दिसते. नारायणगावला वायनरी उभारणारे शामराव चौगुले, नाशिकला सुला सुरू करणारे राजीव सामंत आणि टस्कनीहून अकलूजला आलेले पिएरो मासी ही त्यांतली मुख्य नावे. पहिले दोघे मुंबईचे उद्योजक होते आणि वाइन घडवणारे हात त्यांनी बाहेरून आणले. तिसरे मात्र स्वतः वाइनमेकर. एक माणूस एखाद्या प्रदेशाची वाइन किती बदलू शकतो, हा प्रश्न निघाला की आधुनिक इटलीचे आणि तिथल्या जाकोमो ताकिस यांचे उदाहरण हमखास दिले जाते. महाराष्ट्रातल्या प्रवर्तकांचे मोल ठरवतानाही तीच मोजपट्टी हाताशी असलेली बरी.

ताकिस (१९३३–२०१६) हे पीडमाँट प्रांतातल्या पोइरिनोचे. आल्बा येथील वाइनविद्यालयात शिकून ते १९६१ मध्ये फ्लॉरेन्सच्या आंतिनोरी घराण्याच्या नोकरीत आले. त्या काळी टस्कनीची कियांती वाइन जगभर जात असे, पण तिची किंमत स्वस्त आणि कीर्ती त्याहून स्वस्त. १९६७ च्या नियमांनी तर तिच्यात १० ते ३० टक्के हिरवी द्राक्षे मिसळणे सक्तीचेच केले होते. त्यामुळे सांजोव्हेझे या मूळच्या आंबटसर, कसदार लाल वाणाचा अंगचा गुण बाटलीत उतरतच नसे. मारिओ इन्सिझा देल्ला रोकेत्ता यांनी बोल्गेरी येथे १९४४ पासून हौसेने कॅबर्ने लावला होता. त्यापासून घरच्यापुरती होणारी ‘सासिकाया’ ही वाइन १९६८ च्या हंगामापासून बाजारात आली, ती ताकिस यांनी तिला शिस्त लावल्यावर. पाठोपाठ १९७१ मध्ये ‘तिन्यानेल्लो’ आणि १९७८ मध्ये ‘सोलाया’ आली. तिन्यानेल्लोत सांजोव्हेझेला कॅबर्नेची जोड मिळाली आणि १९७५ पासून हिरवी द्राक्षे पूर्णपणे वगळली गेली. वाइन मोठ्या जुन्या पिंपांऐवजी छोट्या फ्रेंच ओक पिंपांत मुरवणे आणि तिचा तिखट आंबटपणा उतरवणारे दुसरे किण्वन योगायोगावर न सोडणे, या दोन गोष्टी ताकिस यांनी बोर्दोच्या एमिल पेनो यांच्याकडून घेतल्या आणि टस्कनीत रुजवल्या. नियमात न बसल्यामुळे या महागड्या बाटल्यांवर ‘मेजावरची साधी वाइन’ असे सर्वांत खालच्या दर्जाचे लेबल लागत होते. १९७८ मध्ये लंडनच्या एका चाचणीत १९७२ ची सासिकाया जगभरच्या कॅबर्ने वाइनमध्ये पहिली आली. पुढे १९९२ च्या कायद्याने अशा वाइनसाठी नवा वर्ग केला आणि १९९४ मध्ये सासिकायाला बोल्गेरीच्या नियंत्रित नावात जागा मिळाली.

या कथेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ताकिस यांना द्राक्षबाग तयार मिळाली होती. वेलीला कधी झोपवायचे आणि कधी उठवायचे, हे टस्कनीत हिवाळाच ठरवतो. पिढ्यान्‌पिढ्या वाइन पिणारे गिऱ्हाईकही तयार होते. बदलायचे होते ते तळघर आणि लेबल. महाराष्ट्रात यातले काहीच तयार नव्हते.

मुंबईपुरते बोलायचे तर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने शहरातले उघड पिणे संपवले आणि चोरटे पिणे वाढवले. परळ-लालबागच्या गिरणगावात हातभट्टी चाले, तर वरच्या वर्गाला डॉक्टरी परवान्यावर विलायती मिळे. १९६० च्या दशकाच्या मध्यास बंधने सैल झाली. कायदा मात्र आजही तोच आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याजवळ परवाना असावाच लागतो. या सगळ्या काळात द्राक्षाची वाइन टिकून राहिली ती गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर आणि यीस्ट बरणीत घालून महिनोन्‌महिने ठेवलेली ही घरगुती वाइन नाताळात आणि लग्नाकार्यात निघे. ती गोड असे, आणि विकण्यासाठी नसे. बाजारात ‘वाइन’ म्हणून जे मिळे तेही गोडच: गोव्याची पोर्ट, किंवा बारामतीच्या कारखान्यातली बॉस्का. जेवणाबरोबर कोरडी वाइन घेण्याची सवय मुंबईच्या मराठी घरांत नव्हतीच. पारशी किंवा गुजराती घरांतही ती फारशी होती असे म्हणवत नाही.

अशा बाजारात चौगुले यांनी सुरुवात केली ती नेमकी सर्वांत अवघड वाइनपासून. शँपेनच्या पद्धतीची बुडबुड्यांची वाइन भारतात करायची, असे ठरवून त्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शँपेन कंपनीचे तांत्रिक साहाय्य मिळवले आणि तिकडून राफाएल ब्रिझ्वा नावाचा तज्ज्ञ आला. जागा ठरली जुन्नर तालुक्यातले नारायणगाव. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंची, सह्याद्रीचा पूर्व उतार, चुनखडी मिसळलेली जमीन आणि थंडीत उतरणारे रात्रीचे तापमान ही निवडीची कारणे. तमाशाच्या फडांसाठी राज्यभर ओळखले जाणारे हे गाव आता वाइनसाठीही ओळखले जाऊ लागले. शार्दोने, युनी ब्लाँ यांसारख्या फ्रेंच वाणांबरोबर स्थानिक थॉमसन सीडलेसही वापरून केलेली ‘ओमर खय्याम’ ही वाइन दशकाच्या मध्यास परदेशी बाजारात गेली, आणि युरोपातल्या जाणकारांनी तिची दखल घेतली. दुसरे किण्वन बाटलीतच करायचे, बाटल्या रोज थोड्या फिरवत उलट्या करायच्या, मानेत जमलेला गाळ काढून टाकायचा, ही सगळी मेहनत नारायणगावच्या आसपासच्या गावांतल्या हातांनी शिकून घेतली. ‘रिव्हिएरा’सारख्या साध्या, बुडबुड्यांविना असलेल्या वाइनमुळे चौगुले यांच्या इंडेज कंपनीची बाटली मुंबईच्या हॉटेलांत पोचली.

चौगुले यांचा प्रभाव वाइनच्या चवीत शोधला तर फारसा सापडणार नाही. त्यांच्या बहुतेक बाटल्या आज विस्मरणात गेल्या आहेत. त्यांनी सिद्ध केले ते एवढेच, की विषुववृत्तापासून १९ अंशांवर, जिथे वेल मुळी झोपतच नाही, तिथल्या द्राक्षापासून युरोपला मान्य होईल अशी वाइन होऊ शकते. हे ‘एवढेच’ म्हणजे पुढच्या सगळ्यांचे भांडवल होते. १९८८ मध्ये कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर सुरू करणारे कंवल ग्रोव्हर हेही मुंबईचे व्यावसायिक, आणि त्यांनीही तोच मार्ग धरला. त्यांचा पहिला सल्लागार शँपेन प्रांतातला जॉर्ज व्हेसेल, नंतरचा बोर्दोचा मिशेल रोलाँ.

प्रवर्तकांची खरी परीक्षा झाली ती बागेत. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाने गळतात, वेल निद्रिस्त होते, वसंतात फुटते आणि सप्टेंबरच्या सुमारास तोडणी होते. महाराष्ट्रात ती वर्षभर हिरवी राहते आणि सोडून दिली तर हवी तशी वाढते. म्हणून इथला बागाईतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी होते. तिच्यानंतर उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्यातल्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजे तयार होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी होते. तिच्यानंतर घड फुटतात आणि जानेवारी ते मार्च या काळात द्राक्ष पिकते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीवर हायड्रोजन सायनामाइडचा लेप दिला जातो. ही पद्धत नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षासाठी वाइनच्या कितीतरी आधी बसवली होती. बाहेरून आलेल्या प्रत्येक वाइनमेकरला ती इथेच शिकावी लागली. प्रभावाची गंगा एकाच दिशेने वाहिली नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

शेतकऱ्याला मात्र काही गोष्टी विसराव्या लागल्या. खाण्याचे द्राक्ष मांडवावर वाढवतात, मणी फुगावा म्हणून जिबरेलिक आम्ल देतात आणि एकरी जास्तीत जास्त माल काढतात. वाइनचे द्राक्ष तारांच्या उभ्या भिंतीवर लावतात. मणी लहान आणि सालीचे प्रमाण जास्त हवे असते आणि एकरी उत्पादन मुद्दाम निम्म्यावर आणावे लागते. कमी पिकवण्याचे पैसे जास्त मिळतील, हे थॉमसन आणि तास-ए-गणेश पिकवून बंगला बांधलेल्या माणसाला पटवणे सोपे नव्हते. म्हणूनच ठरलेल्या दराचे दीर्घ मुदतीचे करार हा या उद्योगाचा तळघराइतकाच महत्त्वाचा शोध ठरला. त्याखेरीज उष्णतेचा प्रश्न होताच. थंडीत पिकूनही फेब्रुवारी-मार्चची दुपार कडक असते, साखर चढते आणि आम्ल झपाट्याने उतरते. उपाय म्हणजे पहाटे तोडणी, माल क्रेटमधून तडक वायनरीत आणणे, आणि थंड पाणी खेळवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत सावकाश आंबवणे. डाउनी आणि भुरी हे रोग तर रोजचेच.

राजीव सामंत यांनी यातली बरीच उत्तरे एकत्र बांधली. मुंबईत वाढलेले सामंत स्टॅनफर्डला शिकले आणि अमेरिकेत ओरॅकलमध्ये नोकरी करून १९९० च्या दशकात परतले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला घराण्याची २० एकर जमीन होती. आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग करून झाल्यावर ते वाइनकडे वळले. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागातले केरी डॅमस्की त्यांना वाइनमेकर म्हणून मिळाले. १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ यांची लागवड झाली आणि २००० मध्ये पहिली बाटली निघाली. कंपनीला नाव दिले ते आईच्या, सुलभा यांच्या नावावरून.

सुलाची शैली फ्रेंच कमी आणि कॅलिफोर्नियन जास्त होती: ताज्या फळांचा वास असलेली, लवकर पिण्याची, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ आणि बाटलीला फिरकीचे झाकण. बुच नसल्याचा उपयोग दुहेरी झाला. घरी बुच काढायचे यंत्र लागेना, आणि दुकानाच्या तापलेल्या फळीवर उभ्या ठेवलेल्या बाटलीतले बुच सुकून वाइन बिघडण्याची भीतीही गेली. २००५ मध्ये वायनरीतच चाखणी कक्ष उघडला. वाइनसाठी मुंबईकराने शनिवार-रविवारी नाशिकला जायचे, ही कल्पना त्यातून रूढ झाली. जे शहर तोवर नाशिकला त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीसाठी जात होते, ते आता गंगापूरच्या काठी सूर्यास्त पाहायलाही जाऊ लागले. बऱ्याच जणांनी एकाच फेरीत दोन्ही उरकले.

या यशात सरकारचा वाटा मोठा आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यात उत्पादन शुल्कात सूट होती, परवान्यांची पद्धत सोपी केली होती आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क ठरले होते. वाइनकडे दारू म्हणून न पाहता शेतमालावरची प्रक्रिया म्हणून पाहणे, हा त्यातला कळीचा बदल. चौगुले आणि सामंत यांची उदाहरणे डोळ्यांसमोर नसती तर असे धोरण कोणी लिहिले असते, हे संभवत नाही. इटलीत कायदा वाइनच्या मागून वीस वर्षांनी धावला, तर महाराष्ट्रात तो तुलनेने लवकर आला. पण तो कर आणि परवाने यांचा कायदा होता. कोणत्या जमिनीत कोणता वाण, एकरी किती माल, किती दिवस मुरवायचे, यांबद्दल त्यात काहीच नव्हते.

बाजार घडला तो मुख्यतः दक्षिण आणि मध्य मुंबईत. कुलाब्यात राहुल आकेरकर यांनी १९९९ मध्ये ‘इंडिगो’ हे रेस्टॉरंट उघडले. वाइनची गांभीर्याने केलेली यादी हॉटेलबाहेरच्या रेस्टॉरंटमध्येही असू शकते, हे त्याने शहराला दाखवले. २००१ मध्ये आयातीवरची संख्यात्मक बंधने उठली तरी परदेशी वाइनवरचे सीमाशुल्क दीडशे टक्क्यांपर्यंत राहिले, आणि त्या भिंतीच्या आडोशाला नाशिकची बाटली वाढली. त्याच काळात लोअर परळच्या बंद गिरण्यांच्या आवारात मॉल, कचेऱ्या आणि रेस्टॉरंट उभी राहिली. फिनिक्स आणि कमला मिल ही त्यांतली ठळक नावे. ज्या भागात एकेकाळी पाळी सुटल्यावर कामगार देशीच्या दुकानाकडे वळे, तिथे आता वाइनचा पेला साडेचारशे-पाचशे रुपयांना मिळू लागला. गिरणगावातल्या जुन्या रहिवाशांना या बदलाचे कौतुक वाटले असेल असे समजण्याचे कारण नाही. दादर-गिरगावातल्या मध्यमवर्गीय घरांत वाइन शिरली तीही हळूच, पुढच्या पिढीच्या हातून.

हा बाजार किती अरुंद पायावर उभा होता ते २००८ च्या अखेरीस कळले. जागतिक मंदी आली आणि २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात ताज आणि ट्रायडंट-ओबेरॉय ही हॉटेलेच लक्ष्य झाली. पर्यटक आटले, हॉटेलांची मागणी आटली आणि नाशिकच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. धोरणाच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या अनेक छोट्या वायनऱ्या बंद पडल्या, शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. सर्वांत मोठा फटका बसला तो इंडेजला. परदेशात वाइन कंपन्या विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज डोक्यावर असताना विक्री कोसळली, शेतकऱ्यांची देणी थकली आणि कंपनी अवसायनात गेली. आद्य प्रवर्तकाची संस्थाच अशी बुडाली. तिने लावलेली लागवडीची रीत आणि शिकवलेली माणसे तेवढी मागे राहिली.

इटलीचा थेट प्रभाव महाराष्ट्रात आला तो याच चढउताराच्या काळात. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाने सुरू केलेल्या ‘रेव्हेलो’ने आंद्रेआ व्हालेंतिनुत्झी हा इटालियन वाइनमेकर आणला आणि सिसिलीचे नेरो दाव्होला व ग्रिल्लो हे वाण नाशिकच्या मातीत लावले. तोवर भारतात ‘चांगले वाण’ म्हणजे फ्रेंच वाण असे समीकरण होते. सिसिलीही उन्हाचीच भूमी, तेव्हा तिथले वाण इथे का नको, हा विचार तर्काला धरून होता. आश्चर्य एवढेच, की तो सुचायला वीस वर्षे लागली.

त्याहून मोठा प्रयोग सोलापूर जिल्ह्यात झाला. माळशिरस तालुक्यातले अकलूज हे उसाचे आणि सहकाराचे गाव. तिथल्या मोहिते-पाटील घराण्यातले रणजितसिंह आणि अर्जुनसिंह, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची, अशा तीन भावांच्या जोड्यांनी ‘फ्रातेल्ली’ ही कंपनी काढली. तिच्या नावाचा अर्थच भाऊ असा आहे. वाइनची जबाबदारी कियांती क्लासिको परिसरात आयुष्य घालवलेल्या पिएरो मासी यांनी घेतली. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे सुमारे २४० एकरांत त्यांनी लागवड केली. नाशिकपेक्षा इथला पाऊस कितीतरी कमी. म्हणजे पाण्याची चिंता जास्त, पण ठिबकच्या नळीतून वेलीला किती पाणी द्यायचे यावर ताबाही जास्त. मासी यांची ठाम भूमिका अशी की वाइन बागेत होते. नव्या लागवडीला ते दरसाल महिनोन्‌महिने इथे येऊन राहत.

मासी यांनी सांजोव्हेझे अकलूजला आणला आणि त्याच्याशी कॅबर्ने सोव्हिन्यों मिसळून कंपनीची सर्वांत वरची वाइन ‘सेत्ते’ तयार केली. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून हे नाव; ‘सेत्ते’ म्हणजे सात. सांजोव्हेझेला कॅबर्नेची जोड आणि वर ओकच्या पिंपांत मुरवण ही सरळ तिन्यानेल्लोची वंशावळ आहे. ताकिस यांनी १९७० च्या दशकात टस्कनीत ज्या मिश्रणाने खळबळ उडवली, ते तीन दशकांनी माळशिरस तालुक्यातल्या काळ्या-मुरमाड जमिनीत उतरले. आधुनिक इटालियन वाइनचा महाराष्ट्राशी असलेला सर्वांत थेट धागा हाच. सांजोव्हेझेपासूनच पांढरी वाइन काढण्याचा मासी यांचा प्रयोग मात्र नक्कल नव्हता. इथल्या उन्हात लाल सालीचा रस लवकर वेगळा केला तर काय हाती लागते, याचा तो शोध होता. पुढे ब्रिटिश वाइन-जाणकार स्टीव्हन स्परिअर यांच्यासोबत त्यांनी एक वाइनमालिकाही केली. पॅरिसमधली १९७६ ची गाजलेली चाचणी भरवणारे ते हेच.

तरीही मासी यांना ‘महाराष्ट्राचे ताकिस’ म्हणणे घाईचे होईल. ताकिस यांनी सार्डिनिया, सिसिली, त्रेंतिनो अशा दूरच्या प्रांतांत सल्ला दिला आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी पद्धत देशभर नेली. महाराष्ट्रात सल्लागार एकेका कंपनीपुरताच राहिला. त्यामुळे नाशिकची शैली कॅलिफोर्नियाकडे झुकलेली, अकलूजची टस्कनीकडे आणि दिंडोरीच्या शाँदों वायनरीची शँपेनकडे, अशी बेटे दिसतात. ही बेटे जोडण्याचे काम आता देशी वाइनमेकर करू लागले आहेत. सुलाच्या अगदी पहिल्या वर्षांत घडलेले अजॉय शॉ, अॅडलेडला शिकून नाशिकला परतलेले ‘यॉर्क’चे कैलाश गुरनानी ही त्यांतली ओळखीची नावे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा भर निर्यातीच्या खाण्याच्या द्राक्षावर अधिक असला, तरी वाइनचे वाण आणि दुष्काळ सोसणारे खुंट यांचे काम तिथेही झाले आहे.

संस्थात्मक चौकट उशिरा आणि तुकड्यांनी आली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०११ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेचा सदस्य झाला, आणि २०१८ मध्ये मद्यपेयांची राष्ट्रीय मानके अधिसूचित झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात आली, ही उद्योगाला मिळालेली आर्थिक मान्यता. सामाजिक मान्यतेचे चित्र वेगळे आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले. समर्थकांनी शेतकऱ्यांचे उत्पन्न पुढे केले, देवेंद्र फडणवीस यांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंचे बोलणे राजकारणाचे असले तरी वादाने एक गोष्ट दाखवली. २००१ च्या धोरणाने वाइनला शेतीमाल ठरवले होते ते सरकारी कागदावर. लोकमताने तसे मानलेले नाही. देशातला दरडोई खप आजही वर्षाला शंभर मिलिलिटरच्या खालीच आहे.

पुढचे दडपण दोन बाजूंनी येत आहे. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलियाच्या महागड्या वाइनवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागले आहे, म्हणजे दीडशे टक्क्यांची भिंत खचते आहे. दुसरीकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट नेमकी गोडी छाटणीनंतरच्या फुलोऱ्यात किंवा तोडणीच्या तोंडावर येऊ लागली आहे. छाटणीच्या तारखा मागेपुढे करणे, बागेवर जाळी किंवा आच्छादन टाकणे, उन्हाला टिकणाऱ्या दक्षिण युरोपीय वाणांकडे वळणे, असे प्रयत्न नाशिक आणि सोलापूर या दोन्ही भागांत चालू आहेत.